महामारी, युद्ध आणि हिंग्वाष्टकाची किंमत

परतवाडा हे मेळघाटच्या पायथ्याचे गाव. चिखलदरा, सेमाडोह, धारणी या बाजूंचे रस्ते येथूनच पुढे डोंगरात शिरतात आणि तिकडची रुग्णमंडळी बाजारहाटाचे निमित्त साधून चिकित्सालयात डोकावून जातात. अशाच एका बाजाराच्या दिवशी, वर्षानुवर्षे आमच्याकडून हिंग्वाष्टक चूर्ण नेणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याने डबीवरील किंमत पाहिली आणि विचारले, "वैद्यसाहेब, करोना तं गेला, मंग भाव काऊन नाई उतरला जी?" मी म्हटले, "काकाजी, सगळंच महागलं आहे." त्यांनी पैसे दिले, डबी घेतली आणि ते निघून गेले. मला मात्र स्वतःच्या उत्तराची लाज वाटली. ज्वर का आला असे विचारणाऱ्या रुग्णास 'गावात सगळ्यांनाच ज्वर आहे' असे सांगण्यापैकीच ते उत्तर होते.

आपल्यापैकी अनेकजण चिकित्सेबरोबर लहानमोठी फार्मसी किंवा औषधी भांडार चालवितात. वर्षातून दोन-तीन वेळा तरी नवी किंमत ठरविण्याचा प्रसंग त्यांच्यावर येतो. त्या वेळी 'महामारी झाली, नंतर युद्ध झाले, म्हणून भाव वाढले' एवढे निदान पुरेसे नाही. कोणत्या द्रव्याचा भाव कोणत्या हेतूने चढला हे समजले नाही तर साठा करावा की थांबावे, किंमत वाढवावी की तोटा सोसावा, यांचा निर्णय अंधारात होतो. असा एक निर्णय प्रस्तुत लेखकाने घेतला होता व त्याचे फळही भोगले. ते यथावकाश येईलच.

प्रथम काकाजींच्या प्रश्नाकडे वळू. वर्तमानपत्रे 'महागाई घटली' असे छापतात तेव्हा भाव उतरले असा अर्थ सामान्य वाचक घेतो. वस्तुतः घटतो तो भाव वाढण्याचा वेग. आपल्या देशात एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के होता. समजा त्या वर्षी १०० रुपयांची वस्तू १०७ रुपये ७९ पैशांना झाली. पुढच्या वर्षी दर चार टक्क्यांवर आला, तरी ती वस्तू ११२ रुपयांच्या आसपास जाते. १०० वर परत येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच दर अवघ्या ०.२५ टक्क्यावर उतरला होता. म्हणजे ज्वर वाढावयाचा थांबला, पण पारा चढला तेथेच राहिला. सरासरी किंमतपातळी खाली येण्यासाठी दर शून्याखाली जावा लागतो आणि तशी स्थिती बहुधा मंदीत, रोजगार बुडाल्यावर येते. ती कोणी इच्छू नये.

आता हेतूंचा विचार. आपल्या निदानशास्त्रात सन्निकृष्ट व विप्रकृष्ट असा हेतूंचा भेद केलेला आहे. या भाववाढीस तो चपखल लागू पडतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले हा सन्निकृष्ट हेतू. परंतु दोषसंचय त्यापूर्वीच दोन वर्षे चालला होता. २५ मार्च २०२० च्या टाळेबंदीने कारखाने, बंदरे व मजूर एकाच वेळी थांबले. घरी बसलेल्या लोकांचा प्रवास, हॉटेल, लग्नसमारंभ यांवरील खर्च थांबला आणि तोच पैसा वस्तूंकडे वळला. श्रीमंत देशांच्या सरकारांनी नागरिकांच्या खात्यांत रोख रकमा भरल्या. आपल्या रिझर्व्ह बँकेने मे २०२० मध्ये रेपो दर चार टक्क्यांपर्यंत खाली आणला. त्या घटकेस हे उपाय आवश्यकच होते. पण मागणी पूर्ववत झाली तरी पुरवठा लंगडतच होता. जगातील प्रमुख सागरी मार्गांवर ४० फुटी कंटेनरचे सरासरी भाडे २०१९ मध्ये सुमारे १,४०० डॉलर होते, ते सप्टेंबर २०२१ मध्ये १०,००० डॉलरच्या वर गेले. मध्यंतरी, मार्च २०२१ मध्ये, एक महाकाय जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकून सहा दिवस वाहतूक बंद पडली होती, तेही वाचकांना स्मरत असेल.

अशा संचित अवस्थेत युद्धाची भर पडली. मार्च २०२२ मध्ये खनिज तेल पिंपास १३० डॉलरच्या वर गेले. आपण सूर्यफूल तेल बहुतांश युक्रेन व रशिया येथून आणत होतो, ते अडले. पाठोपाठ २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली व ती सुमारे साडेतीन आठवडे बंदच ठेवली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमच्या वऱ्हाडात सूर्यफूल तेल खाणारी घरे थोडी. सरकी, सोयाबीन व शेंगदाणा यांवरच येथील फोडणी होते. तरीही तिळाच्या तेलाचा भाव चढला व त्याबरोबर आमची सर्व सिद्ध तैले महागली. कारण तेलांचा बाजार एकमेकांत गुंतलेला आहे. एक तेल मिळेनासे झाले की ग्राहक दुसऱ्याकडे वळतो आणि तुटीचा भार सर्वांवर वाटला जातो. भर म्हणून जानेवारी २०२२ मध्ये ७४-७५ रुपयांना असलेला डॉलर ऑक्टोबरात ८३ रुपयांपर्यंत गेला, म्हणजे परदेशात भाव स्थिर राहिलेली वस्तूसुद्धा येथे महाग पडू लागली. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ रोजी व्याजदर वाढविण्यास आरंभ केला व फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहा टक्क्यांवर नेला. त्याने मागणीस लगाम बसला. युद्ध किंवा अवर्षण व्याजदराने थांबत नाही हे उघडच आहे.

वऱ्हाडास हा प्रकार अगदीच नवा नाही. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात कापसाला भाव आला, पण कापड, मीठ, घासलेट यांचेही भाव चढले. सरकारला युद्धखर्चासाठी एवढी नाणी लागली की चांदी अपुरी पडली आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. १९१८ साली पाऊस फसला व त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली; मध्यप्रांत व वऱ्हाड हा तिच्या सर्वाधिक तडाख्यातील प्रदेशांपैकी एक होता. पेरणीकापणीला माणसे उरली नाहीत, ज्वारी महागली. युद्ध संपले, साथ ओसरली, आणि तरीही १९२० पर्यंत भाव चढतच राहिले. त्यानंतर ते काहीसे उतरले, पण युद्धपूर्व पातळीच्या जवळ यावयास १९३० नंतरची जागतिक मंदी यावी लागली. काकाजींच्या आजोबांनीही त्या काळी हाच प्रश्न कोणा वैद्याला विचारला असेल.

आता आपल्या डबीकडे येऊ. हिंग्वाष्टकाची निवड सोय म्हणून केली आहे, कारण आठच द्रव्ये आहेत आणि प्रत्येक वैद्याच्या घरी हे चूर्ण असतेच. सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे व हिंग. गेल्या काही वर्षांत या आठांपैकी बहुतेकांचे भाव चढले, परंतु एकाचा हेतू दुसऱ्यास लागू पडत नाही.

सुंठीची कथा मागणीपासून सुरू होते. टाळेबंदीच्या आरंभीच आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ व मनुका यांच्या काढ्याचा सल्ला दिला. घरोघर काढा उकळू लागला व वनौषधींच्या दुकानांतील सुंठीचे पोते दोन दिवसांत संपू लागले. ही मागणी भयाची होती. भय ओसरताच ती गेली. पण गोष्ट तेथे संपत नाही. चढलेला भाव पाहून शेतकऱ्यांनी आले अधिक लावले, २०२१-२२ मध्ये भाव कोसळला, काहींना काढणीची मजुरीही निघेना. साहजिकच पुढे लागवड घटली आणि २०२३ च्या उन्हाळ्यात आल्याचा भाव पुन्हा भडकला. त्या वर्षीच्या भाववाढीला ना महामारी कारण होती, ना युद्ध. शेतकऱ्याचा मागच्या वर्षीचा तोटा हेच तिचे कारण.

मिरी आपल्याच देशात, केरळ व कर्नाटकात पिकते. तिच्या स्वस्त आयातीवर डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने किलोस ५०० रुपये हा किमान दर बसविला. अजमोद्याविषयी विशेष सांगण्याजोगे नाही.

पिंपळी मात्र आमच्या शेजारची. अंजनगाव सुर्जी व अकोट भागात पानमळ्यांच्या आधाराने पानपिंपळीची शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मे २०२० मध्ये केंद्र शासनाने करोनावरील चिकित्सा-परीक्षणांसाठी अश्वगंधा, यष्टिमधु, गुडूची-पिप्पली व आयुष-६४ यांची नावे जाहीर केली, तेव्हा या द्रव्यांकडे सर्वांचे डोळे लागले. मागणी एका घोषणेने वाढू शकते. वेल एका घोषणेने वाढत नाही. त्यास सावली, पाणी व मजूर लागतात, आणि मजूर त्या दिवसांत घराबाहेर पडू शकत नव्हता. आमच्या अचलपूर शहरात, ज्यात परतवाडा येतो, व अमरावतीत तर २२ फेब्रुवारी २०२१ पासून, राज्याच्या इतर भागांच्या आधीच, पुन्हा टाळेबंदी लागली होती. तोडणीच्या काळात हात नाहीत आणि मळा उभा, असे दृश्य मी स्वतः पाहिले आहे.

जंगलातील मालाचे याहून निराळे. हिंग्वाष्टकात तो नाही, पण आपल्या आसवारिष्टांत आहे म्हणून येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. धायटीची फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी वेचतात, मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये. २०२० ची टाळेबंदी नेमकी त्याच पंधरवड्यात आली. बाजार बंद, वाहने बंद. कोरकू कुटुंबांनी वेचलेला माल घरातच राहिला, पुष्कळसा वेचलाच गेला नाही. कारखाना महिनाभराने पुन्हा सुरू करता येतो. गळून गेलेले फूल पुढच्या वर्षीच मिळते. १ मे २०२० रोजी केंद्र शासनाने ४९ गौण वनोपजांच्या किमान आधारभूत किमती १६ ते ६६ टक्क्यांनी वाढविल्या. गुळवेलीची वाढ त्याहूनही पुष्कळ अधिक होती. या भाववाढीबद्दल माझी तक्रार नाही. आपण वर्षानुवर्षे जंगलाचा माल त्याच्या श्रमापेक्षा स्वस्त घेत आलो आहोत. खेद एवढाच की आधारभूत किंमत कागदावर असते व प्रत्यक्ष बाजारात वेचणाऱ्यास ती पुष्कळदा मिळत नाही. आपण मात्र ती वाढल्याचे सांगून डबीची किंमत वाढवितो.

आता जिरे, म्हणजे माझी चूक. २०२३ च्या पावसाळ्यात गुजरातेतील उंझा बाजारात जिऱ्याने क्विंटलला ६० हजार रुपयांची सीमा ओलांडली. एका व्यापाऱ्याने मला सांगितले की युद्धामुळे सगळा मालच संपत चालला आहे, दिवाळीपर्यंत भाव दुप्पट होईल. मी ते खरे मानले आणि वर्षभराचे जिरे एकदम भरले. वास्तविक कारण युक्रेनमध्ये नव्हते, गुजरात-राजस्थानच्या शेतांत होते. आधीच्या वर्षी इतर पिकांना बरा भाव मिळाल्याने जिऱ्याचा पेरा कमी झाला होता व मार्चमधील अवकाळी पावसाने उभे पीक नासले होते. सिरिया हा एक जुना उत्पादक देश. तेथील यादवीने पुरवठा पूर्वीच घटलेला, त्यामुळे जगाची नजर भारतावर होती. अशी भाववाढ स्वतःच स्वतःचे औषध असते. चढा भाव पाहून पुढच्या हंगामात पेरा वाढला आणि २०२४ मध्ये भाव निम्म्याहून खाली आला. माझ्या कोठीत मात्र ६० हजारांचे जिरे होते व त्यातील सुगंध महिन्यागणिक उडत होता. शेवटी निम्मे घरच्या व नातलगांच्या स्वयंपाकघरांत गेले. व्यापाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. नाडी मी पाहावयाची होती.

याउलट हिंग. हिंगाची वनस्पती आपल्याकडे व्यापारी प्रमाणात नाही. वर्षाला सुमारे १,२०० टन कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तान येथून येतो. लाहौल खोऱ्यातील क्वारिंग गावी १५ ऑक्टोबर २०२० रोजी पालमपूरच्या संशोधन संस्थेने पहिले रोप लावले, पण या वनस्पतीस निर्यास देण्यास सुमारे पाच वर्षे लागतात व तेथून आपली गरज भागणे ही दूरची गोष्ट आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलची सत्ता पालटली तेव्हा पाकिस्तानमार्गे येणारा व्यापार थांबला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीची चौकी बंद झाली आणि अफगाणी मालाचे ट्रक सीमेपलीकडे अडकले. त्यांतील काहींना मे महिन्यात खास परवानगीने आत घेतले गेले. जून २०२५ मध्ये इराणवर युद्ध आले. शिवाय मोल डॉलरमध्ये. येथे पुढच्या हंगामात पेरा वाढेल व भाव उतरेल ही आशा करता येत नाही. जिऱ्याची दरवाढ आशुकारी, हिंगाची चिरकारी, असे म्हटले तर वैद्यांस ते पटावे. शहाजिऱ्याचाही काही भाग त्याच वाटेने येत असल्याने त्याचे वेगळे वर्णन करीत नाही.

सैंधवाचे उदाहरण आणखी बोधक आहे. आपण वापरतो ते सैंधव जवळजवळ सर्व पाकिस्तानातील खेवड्याच्या खाणींतून येत असे. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क बसले. म्हणजे सैंधव महागले ते महामारीच्याही एक वर्ष आधी. नंतर ते आखाती देश, इराण इत्यादी वळणांनी येऊ लागले. २ मे २०२५ रोजी पाकिस्तानात उत्पन्न झालेल्या मालाची प्रत्यक्ष वा अन्य देशामार्गे होणारी आयातच बंद करण्यात आली. हिमाचलात मंडी भागात खनिज मीठ आहे, परंतु अल्प. तथापि येथे किमतीपेक्षा प्रमाणाचे गणित महत्त्वाचे. समजा डबीतील द्रव्यांचा खर्च १०० रुपये असून त्यात सैंधवाचा वाटा दोन रुपये व हिंगाचा ४० रुपये आहे. सैंधव तिप्पट झाले तरी खर्च चार रुपयांनी वाढतो; हिंग चतुर्थांशाने चढला की दहा रुपयांनी. 'मीठसुद्धा तिप्पट झाले हो' असे सांगून डबीची किंमत तिप्पट करणारे भांडारचालक आपण पाहिले नाहीत असे नाही.

द्रव्यांबाहेरचा खर्च पुष्कळांच्या हिशेबात येतच नाही. प्लॅस्टिकची डबी खनिज तेलापासून, काचेची बाटली वायूवर चालणाऱ्या भट्टीतून. पुठ्ठ्याची पेटी महागली त्यात चीनचाही हात होता. २०२१ पासून चीनने रद्दी कागदाची आयात थांबविली, तेथील कारखाने तयार लगदा व कागद विकत घेऊ लागले आणि आपल्याकडील पुठ्ठ्याचा कागद बाहेर जाऊ लागला. आमची शकुंतला रेल्वे बंद. तेव्हा अकोला-अमरावतीहून येणारा प्रत्येक नग डिझेलवरच येतो. मे २०२२ मध्ये केंद्राने डिझेलवरील उत्पादन शुल्क लिटरला सहा रुपयांनी कमी केले, पण वाहतूकदाराने एकदा वाढविलेले भाडे उतरविल्याचे माझ्या अनुभवात नाही. मजुरीचेही तसेच, आणि ती उतरू नये हेच न्याय्य. द्रव्यांचे भाव वर-खाली होत असतात. मजुरी, भाडे व वेष्टन यांचा खर्च एकदा चढला की तेथेच राहतो. काकाजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे.

कराविषयी एक खुलासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून पाच टक्क्यांवर आला. त्यानंतर अनेक रुग्ण 'औषधे स्वस्त झाली' या बातमीचे कात्रण घेऊन आले. ही सवलत आपल्या क्षेत्रात मुख्यतः स्वतंत्र नावाने विकल्या जाणाऱ्या औषधांस मिळाली. ग्रंथोक्त पाठाने व ग्रंथोक्त नावाने तयार होणाऱ्या हिंग्वाष्टकासारख्या कल्पांवर कर आधीपासूनच पाच टक्के होता. हे रुग्णास शांतपणे सांगावे, नाहीतर आपण सवलत गिळली असा त्याचा ग्रह होतो.

खरी चिंता मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. हिंग महागला की शुद्ध हिंगाच्या जागी मैदा व डिंक घातलेला बांधणी हिंग येतो. हिंगाचे प्रमाण किती घ्यावे याविषयी वैद्यांत मतभेद आहेत. भाव चढला की अल्प प्रमाणाचा पक्ष एकाएकी बलवान होतो असे निरीक्षण आहे. दालचिनीच्या जागी जाड सालीचा तज, तेल काढून घेतलेली लवंग, हे सर्व भाववाढीबरोबर वाढते. यास कोणी 'प्रतिनिधी द्रव्य' असे भारदस्त नाव देतात. भावप्रकाशाने अतिविषेच्या अभावी मुस्ता, मेदा-महामेदेच्या अभावी शतावरी सांगितली ती द्रव्य मिळतच नसेल तेव्हासाठी. महाग असणे म्हणजे अभाव नव्हे. हिंग बाजारात आहे, आपणास तो परवडत नाही एवढेच. आणि परवडत नसेल तर डबी लहान करावी, किंमत वाढवावी, प्रसंगी ते चूर्ण काही काळ करूच नये. पोट फुगलेला माणूस मैदा विकत घेण्यासाठी आपल्याकडे येत नाही.

मी अलीकडे साठ्याच्या वहीत प्रत्येक द्रव्याच्या भावापुढे एक रकाना वाढविला आहे. त्यात भाव कशाने बदलला ते एका ओळीत लिहितो: पाऊस, पेरा, डॉलर, डिझेल, शुल्क, सीमा. 'पेरा' असे लिहिलेले द्रव्य तीन महिन्यांपुरतेच घेतो. 'सीमा' असे लिहिलेले, टिकाऊ असल्यास, वर्षभराचे. काकाजी पुन्हा आले तेव्हा त्यांना हीच वही दाखविली. त्यांनी जिऱ्याच्या ओळीवर बोट ठेवले, हसले आणि म्हणाले, "हे तं आमच्या कपाशीवानीच हाय."